न पाहणाऱ्यास निम्मा दर

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील वृत्तपत्रांचे आतले पान जो नेमाने वाचतो, त्याला 'तीन पानी' या शब्दाची ओळख करून द्यावी लागत नाही. कारण ऊसदर, पाण्याची आवर्तने आणि बिबट्याचे दर्शन यांच्या शेजारी 'तीन पानी जुगार अड्ड्यावर छापा' हा मथळा त्याला वरचेवर भेटत असतो, आणि बातमीतले गाव बदलले तरी तिची वाक्यरचना सहसा बदलत नाही. काही इसम आडोशाला गोलाकार बसलेले असतात, ते स्वतःच्या फायद्याकरिता पैसे लावून खेळत असताना 'मिळून येतात', आणि त्यांच्या ताब्यातून रोख रक्कम, मोबाइल व दुचाकी असा मुद्देमाल हस्तगत होतो. इतक्या तपशिलात एकच गोष्ट सांगायची राहून जाते, ती म्हणजे हा खेळ खेळतात कसा. वाचकाला ते ठाऊक आहे असे वृत्तपत्र गृहीत धरते आणि आपल्याला ते ठाऊक नाही असे वाचक भासवतो. ही दुहेरी सभ्यता थोडा वेळ बाजूला ठेवल्याशिवाय या विषयाचे विवेचन शक्य नाही.

तीन पानी, तीन पत्ती, किंवा शहराचे वारे लागलेल्यांच्या तोंडी 'फ्लश', हा खेळ स्थूलमानाने असा आहे की, बावन्न पानांच्या कॅटमधून प्रत्येकाला तीन पाने वाटली जातात, पाळीपाळीने प्रत्येकजण मध्यभागी पैसे टाकत जातो आणि शेवटी ज्याची पाने भारी ठरतात, किंवा ज्याच्या धीटपणापुढे बाकीच्यांची पाने त्यांच्या हातातच हलकी होतात, तो सगळी रक्कम उचलतो. या खेळाचे मूळ महाभारतातील द्यूतात शोधण्याचा मोह अनेकांना होतो, आणि तो होण्याचे कारणही उघड आहे, कारण धर्मराजाचे उदाहरण पुढे केले की घरच्या मंडळींसमोर हरण्याला एक प्रकारचे पौराणिक अधिष्ठान मिळते. प्रत्यक्षात तीन पानीचा पूर्वज हस्तिनापुरात नसून इंग्लंडात आहे. 'ब्रॅग' नावाचा पैजेचा खेळ तेथे अठराव्या शतकात चांगलाच रुजलेला होता, आणि पत्त्यांच्या नियमांविषयी अखेरचा शब्द ज्याचा मानला जाई, त्या एडमंड हॉइलने १७५१ मध्ये त्यावर एक छोटेखानी पुस्तिका प्रसिद्ध केली होती. त्याच ब्रॅगचे तीन पानांचे रूप हिंदुस्थानात येऊन 'तीन पत्ती' झाले, असे पत्त्यांचे अभ्यासक मानतात. अमेरिकेतील पोकरच्या घडणीतही ब्रॅगचा वाटा असल्यामुळे तीन पानी आणि पोकर यांचे नाते चुलतभावांचे ठरते. त्यांपैकी एक न्यू ऑर्लिन्सच्या परिसरात वाढून मिसिसिपी नदीवरील आगबोटींतून देशभर गेला, पुढे मोठा होऊन दूरचित्रवाणीवर झळकला, आणि दुसरा कृष्णाकाठच्या उसात राहिला, एवढाच काय तो फरक.

भाऊबंदकीतली ही असमानता येथेच थांबत नाही. पोकरच्या सर्वांत लोकप्रिय प्रकाराचे, म्हणजे 'टेक्सास होल्डेम'चे, जन्मस्थान रॉबस्टाउन हे गाव होय, असा ठराव टेक्सासच्या विधिमंडळाने २००७ मध्ये रीतसर संमत केला. सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील कोणत्याही ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर असा विषय आल्याचे ऐकिवात नाही, आणि तो येण्याचीही शक्यता नाही. पोलीस ठाण्यातील नोंदींच्या आधारे पुरावा सादर करायचा म्हटले तर दावेदार गावे काही थोडी निघणार नाहीत, हा भाग वेगळा.

ब्रॅग येण्यापूर्वी या मुलखाला पत्ते ठाऊक नव्हते, असे मात्र समजू नये. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि दख्खनेत गंजिफाला पुढे जे देशी वळण लागले, त्याचा नमुना सावंतवाडीत आजही तयार होतो. या दशावतारी गंजिफाची पाने गोल असून ती १२० असतात. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व दहा साधी पाने, असा त्यांचा संसार असतो. कोणते पान पडले आणि कोणते अजून कोणाकडे दडले आहे, हे १२० पानांच्या बाबतीत ध्यानात ठेवावे लागत असल्याने या खेळाला बुद्धी, सवड आणि बैठक या तिन्ही गोष्टी लागत, आणि शिवाय खुद्द वामनावतार हातात धरून शेजाऱ्याला हूल देणे श्रद्धाळू माणसाला थोडे जडच जात असावे. बदाम, चौकट, इस्पिक आणि किलवर यांना कोणतीही देवता नसल्यामुळे ती अडचण दूर झाली. त्यात पानेही फक्त तीन, तेव्हा स्मरणशक्तीवरचा भार उतरला आणि तो सगळा खिशावर आला.

इंग्रजांचा आणि सातारकरांचा पत्त्यांच्या बैठकीत परिचय नेमका कोठे व कधी झाला, याचा कागद उपलब्ध नसला तरी परिचयाला संधी भरपूर होती. १८१८ नंतर ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी ग्रँट डफ साताऱ्यास येऊन राहिला. गव्हर्नर सर जॉन माल्कमला महाबळेश्वरची हवा मानवली, तेव्हा १८२९ मध्ये प्रतापसिंह महाराजांकडून ते ठिकाण कंपनीने घेतले आणि बदल्यात वाई भागातील खंडाळा गाव महाराजांना दिले. या अदलाबदलीत कोणाच्या हाती कोणती पाने होती आणि कोणी ती न पाहताच डाव मांडला, याचा निर्णय महाबळेश्वरातील आजचे जमिनीचे भाव पाहून वाचकाने स्वतःच करावा. पुढे १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्यच खालसा झाले, आणि १८८७ मध्ये मुंबई सरकारने जुगार प्रतिबंधाचा कायदा केला, तो सातारा जिल्ह्याला आपोआप लागू पडला. सांगली मात्र पटवर्धनांचे संस्थान होते आणि इंग्रजी मुलखाचे कायदे संस्थानी हद्दीत आपसूक चालत नसत. शेजारचाच तासगाव तालुका सातारा जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी अमलात होता. परिणामी सतरंजी हद्दीच्या कोणत्या बाजूला अंथरली आहे, यावर ती कोणत्या कायद्यात अंथरली आहे हे अवलंबून असे. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' नावाचा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवण्यात आले. तेव्हापासून कृष्णेच्या दोन्ही अंगांना एकच कलम लागते, ही एकात्मतेची बाजू इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांतून सहसा निसटते.

आता प्रत्यक्ष खेळाकडे वळावे. कॅट पिसून झाला की तो शेजाऱ्याकडून काटून घेतला जातो. काटण्याचा उद्देश वाटणाऱ्याने लबाडी करू नये हा असून, तो उद्देश सफल होतो असे कोणीच मानत नसले तरी काटल्याशिवाय वाटलेला डाव कोणीही मान्य करत नाही. वाटण्यापूर्वी प्रत्येकाने समान रक्कम मध्ये टाकायची असते, तिला 'बूट' म्हणतात. तिचे कार्य असे की, कोणी काहीही न करता पाने टाकून दिली तरी मध्ये भांडण्यासारखे काहीतरी असावे. त्यानंतर तीन-तीन पाने पालथी पडतात आणि प्रत्येकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे ती उचलून पाहायची की नाही. जो न पाहता खेळतो त्याला 'ब्लाइंड' आणि जो पाहून खेळतो त्याला 'सीन' म्हणतात; पैसे टाकण्याच्या प्रत्येक पाळीला 'चाल' म्हणतात; माघार घेऊन पाने टाकण्याला 'पॅक' होणे म्हणतात; आणि दोघेच उरल्यावर पाने उघडी करून सोक्षमोक्ष लावण्याला 'शो' म्हणतात. सबंध परिभाषा इंग्रजी आहे, तरी ती इतकी अंगवळणी पडलेली आहे की, ज्याने शाळेत इंग्रजीच्या तासाला कायम खिडकीबाहेर पाहिले, तोही 'ब्लाइंड' आणि 'सीन' यांतील भेद कोणत्याही शिक्षकापेक्षा नेमका सांगतो.

पानांची उतरंड पुढीलप्रमाणे लागते. सर्वांत वर तीन सारखी पाने, म्हणजे 'ट्रेल', आणि ट्रेलमध्येही तीन एक्के सर्वश्रेष्ठ, त्याखाली एकाच रंगाची सलग तीन पाने, त्याखाली वेगवेगळ्या रंगांची सलग पाने, मग सलग नसलेली पण एका रंगाची पाने, म्हणजे 'कलर', मग जोड, आणि ज्याच्याजवळ यातले काहीही नाही, त्याने आपल्या सर्वांत मोठ्या पानावर समाधान मानायचे. सलग पानांत एक्का-राजा-राणी हा क्रम पहिला आणि एक्का-दुर्री-तिर्री हा दुसरा, अशी येथील प्रथा आहे. इंग्रज ब्रॅगवाल्यांनी मात्र एक्का-दुर्री-तिर्रीला पहिले स्थान दिले असून तीन एक्क्यांच्याही वर तीन तिर्र्या बसवल्या आहेत, ज्याचे समर्थन त्यांच्यापैकी कोणालाही करता येत नाही. काही बैठकांत दुर्री, तिर्री आणि पंजी ही वेगवेगळ्या रंगांची तीन पाने, जी एरवी संपूर्ण खेळात तळाची आहेत, ती ट्रेललाही हरवतात असा नियम असतो. हा नियम आहे की नाही हे बसण्यापूर्वी ठरवले नाही, तर ते उठल्यानंतर ठरते, आणि तेव्हा ते तोंडी ठरत नाही.

या उतरंडीत एक मौज दडलेली आहे, जी गणित केल्याशिवाय दिसत नाही. बावन्न पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारांनी येऊ शकतात. त्यांपैकी ट्रेल ५२ प्रकारांनी येतो, आणि एकाच रंगाची सलग पाने ४८ प्रकारांनी येतात. याचा अर्थ असा की, जी गोष्ट अधिक दुर्मीळ आहे ती खालच्या पायरीवर बसवलेली असून तिच्यापेक्षा किंचित सुलभ गोष्ट शिखरावर आहे. हा अन्याय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असूनही त्याविरुद्ध कोणी आवाज उठवल्याचे दिसत नाही, कारण तीन एक्के पाहिल्यावर मनुष्य भागाकार करीत बसत नाही. पोकरमध्ये पाच पाने असल्यामुळे एका रंगाचा हात सलग पानांपेक्षा दुर्मीळ ठरतो व म्हणून वर बसतो. तीन पानांत ते उलटे होते, कलर १,०९६ प्रकारांनी येतो आणि भिन्न रंगांची सलग पाने केवळ ७२० प्रकारांनी, म्हणून येथे सलग पाने वर आहेत. जोड ३,७४४ प्रकारांनी येते. बाकी जे १६,४४० प्रकार उरतात, त्यांत खेळणाऱ्याच्या हाती काहीही नसते.

या शेवटच्या आकड्यापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण खेळाचे सगळे मर्म तेथे आहे. शंभरातील चौऱ्याहत्तर वेळा, म्हणजे चारांतून जवळजवळ तीनदा, मनुष्याच्या हातात साधी जोडसुद्धा येत नाही. पाच जण गोल करून बसले असतील तर त्यांपैकी तिघा-चौघांकडे बहुतेक डावांत नावाला काही नसते, आणि तरीही मध्ये पैसे साचत जातात, आवाज चढत जातात आणि चहा निवत जातो. तीन पानीचा खेळ प्रामुख्याने नसलेल्या पानांवर चालतो; असलेली पाने हा त्यातला अपवाद आहे. म्हणून मुरलेला खेळाडू स्वतःची पाने एकदाच पाहतो आणि उरलेला सगळा वेळ इतरांचे चेहरे पाहण्यात घालवतो. पाने पाहण्याचीही एक रीत आहे. तिन्ही पाने एकावर एक गच्च धरून, पहिल्याच्या आडून दुसऱ्याचा कोपरा केसभर सरकवला जातो. आधी नुसता लाल की काळा एवढा बोध होतो, मग अक्षर आहे की आकडा हे कळते, मग तिसऱ्या पानाचा कोपरा आणखी सावकाश वर येतो. पाने आधीच वाटली गेलेली असतात आणि हळू पाहिल्याने तिर्रीचा एक्का होत नाही, हे पाहणाऱ्याला पूर्णपणे ठाऊक असते. तरीही तो घाई करीत नाही. त्या पाऊण मिनिटात त्याच्या कपाळावर जे काही उमटते ते बाकीचे चौघे वाचून घेतात, आणि तो मात्र आपण पाने वाचत आहोत अशा समजात असतो.

परंतु या खेळाचा खरा अलौकिक नियम वेगळाच आहे. जो पाने न पाहता खेळतो त्याला निम्म्या दरात खेळता येते. बूट दहा रुपयांचा धरला, तर पाच जणांचे पन्नास मध्ये आले. पहिल्याने न पाहता दहा टाकले, दुसऱ्यानेही न पाहता दहा टाकले. तिसऱ्याने मात्र पाने उचलून पाहिली, तर त्याला त्याच जागी किमान वीस आणि वाटल्यास चाळीसपर्यंत टाकावे लागतात. चौथा पाहून पॅक झाला. पाचव्याने, जो अजूनही न पाहता बसला आहे आणि ज्याला आपल्यापुढे काय पडले आहे याची गंधवार्ता नाही, त्याने चढ्या आवाजात वीस टाकले, की पाळी फिरून आल्यावर पाहणाऱ्या तिसऱ्याला चाळीसपेक्षा कमी टाकून चालत नाही. वर आणखी असे की, दोघेच उरले आणि त्यांतला एक ब्लाइंड असेल, तर पाहून खेळणाऱ्याला त्याच्याकडे शो मागण्याचा अधिकार नसतो. त्याने दुप्पट भरत राहावे किंवा पाने टाकून द्यावीत. ज्ञानावर कर लावून अज्ञानाला सूट देणारी आणि शिवाय अज्ञानी माणसाला जाब विचारण्यास बंदी करणारी ही व्यवस्था ज्याने प्रथम सुचवली, तो पत्त्यांच्या खेळापेक्षा कितीतरी मोठ्या कारभाराचा अनुभव घेतलेला मनुष्य असला पाहिजे.

या नियमाचा येथील स्वभावाशी चांगलाच मेळ बसला, आणि त्याला स्थानिक कारणेही आहेत. सांगलीच्या पेठेत हळदीचे वायदे व्यवहार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चालत असत. जी हळद अद्याप जमिनीत असे तिचा भाव तेथे आधी ठरे. काढून झालेली हळदही शेजारच्या हरिपुरात पेवांमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या कोरड्या कोठारांत, तोंड बंद करून ठेवली जाई, आणि पेव उघडेपर्यंत आतल्या मालाची स्थिती कोणाच्याही दृष्टीस पडत नसे. २००५ च्या महापुराने त्यांतली अनेक पेवे पाण्याखाली घालून किती ब्लाइंड खेळावे याची मर्यादा दाखवली. शिवारातील शेतकरी तर लावण करतो तेव्हा पावसाचे पान पालथे असते, उसाला तोड कधी मिळेल हे पालथे असते आणि दर किती निघेल हे पान तर हंगाम सुरू झाला तरी कारखान्याच्या हातात पालथेच असते. अशा मनुष्याला श्रावणाच्या झडीत, शेतात पाय ठेवता येत नाही अशा दुपारी, कोणी न पाहता दहा रुपये टाकायला सांगितले, तर त्यात त्याला काही नवे शिकावे लागत नाही. गणेशोत्सवात मंडपातील मूर्तीला रात्रभर सोबत हवी म्हणून जे जागरण होते, त्यातही भजनाचा उत्साह मध्यरात्रीपर्यंत पुरतो आणि पुढची राखण बदाम-चौकटीवर सोपवली जाते. तेथे अर्थात पैसे लावले जात नाहीत, असे प्रत्येक मंडळाचे म्हणणे असते.

बरोबरीचा नियमही असाच विचार करायला लावणारा आहे. शो झाला आणि दोघांची पाने तंतोतंत सारखी निघाली, तर ज्याने शो मागितला तो हरतो. संशय घेणाऱ्याने आपला संशय बरोबरीपेक्षा काकणभर अधिक सिद्ध करून दाखवावा, असा त्यामागचा न्याय आहे. पाहून खेळणाऱ्या दोन शेजाऱ्यांना आपापसांत गुपचूप पाने ताडून पाहण्याचीही सोय आहे, तिला 'साइड शो' म्हणतात. त्यात ज्याची पाने हलकी तो मुकाट्याने पॅक होतो आणि बाकीच्यांना कारण कळत नाही. शेजाऱ्याने मात्र ही विनंती नाकारली तरी चालते, आणि ज्या गावात बांधाच्या मोजणीवरून बोलणे बंद आहे, तेथे ती नाकारली जातेच.

कायद्याची दृष्टी या सगळ्याकडे वेगळ्या कोनातून पाहते. १८८७ च्या कायद्याच्या १३ व्या कलमात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. तेव्हा कौशल्य कोठे संपते आणि नशीब कोठे सुरू होते, हा प्रश्न न्यायालयापुढे येणे अपरिहार्य होते. आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण या १९६७ मध्ये निकाल लागलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ ठरवले, कारण रमीत कोणती पाने पडली हे लक्षात ठेवावे लागते आणि कोणते पान ठेवायचे व कोणते टाकायचे याचा विचार करावा लागतो. तुलनेसाठी न्यायालयाने तीन पानांच्या खेळाचा दाखला घेतला, 'फ्लश' आणि 'ब्रॅग' ही त्याची नावे एका दमात उच्चारली, आणि तो केवळ नशिबाचा खेळ असल्याचे सांगून टाकले. वंशावळ अशा रीतीने देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाकडून प्रमाणित झाली, मात्र बरोबर इज्जतही गेली. त्या दिवसापासून रमी खेळणारा मनोरंजन मंडळाचा सभासद झाला आणि तीन पानी खेळणारा इसम झाला. खेळणाऱ्यांचे म्हणणे असे की न्यायालयाने पाने पाहिली, चेहरे पाहिले नाहीत, आणि या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु ज्याला चेहरे वाचण्याची एवढी हातोटी आहे त्याचे दरवर्षी दिवाळीपूर्वी घरच्यांशी का बिनसते, याचे उत्तर ते देत नाहीत.

कायद्याचे ५ वे कलम विशेष वाचनीय आहे. अड्ड्यावर खेळ चालू असताना जो कोणी तेथे सापडेल तो खेळण्यासाठीच आला होता असे, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते. त्यामुळे चहा घेऊन आलेला, उसने पैसे परत मागायला आलेला आणि घरून बोलावणे घेऊन आलेला, अशा तिघांनाही आपापली कारणे आधी सिद्ध करावी लागतात. जुगाराच्या 'जागे'त कायद्याने तंबू, कुंपण, मोकळी जागा, वाहन आणि नौका यांचाही समावेश केला आहे. म्हणजे उसाच्या फडापासून कोयनेच्या जलाशयातील होडीपर्यंत सुटका कोठेच नाही. आंबोलीचा घाट उतरून गोव्यात गेले की मात्र हीच नौका वेगळ्या प्रकाशात न्हाऊन निघते. गोव्याने आपल्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना आणि १९९६ मध्ये किनाऱ्याबाहेरील जहाजांवरील टेबलांच्या खेळांना वाट करून दिली, आणि ती किनाऱ्याबाहेरील जहाजे पणजीसमोर मांडवी नदीत नांगरून उभी आहेत. तेथे तीच तीन पाने हिरव्या मखमलीवर पडतात, वाटणारा गळपट्टा लावतो, आणि सातारा-सांगलीहून आलेला जो मनुष्य घरी 'इसम' असतो तो तेथे 'सर' होतो. हरण्याच्या प्रमाणात मात्र या आदरामुळे काही सुधारणा होत नाही.

महाराष्ट्राने या बाबतीत काहीच केले नाही असे नव्हे. कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर बसवणारा एक कायदा राज्याने १९७६ मध्येच मंजूर केला होता; तो अमलात कधीच आणला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द केला. सत्तेचाळीस वर्षे पाने पालथी ठेवून, एकही चाल न खेळता, अखेर पॅक होण्याचा हा विक्रम कोणत्याही बैठकीत मोडला जाईल असे वाटत नाही. मधल्या काळात खेळ मोबाइलमध्ये शिरला होता, बांधावर एकटाच बसलेला तरुणही चौघांशी खेळू लागला होता आणि पोलिसांना गोलाकार बसलेले कोणी सापडेनासे झाले होते; ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा ती मंडळी पुन्हा कॅटकडे वळली तर नवल नाही. कॅट विकण्याला कोणताही कायदा आड येत नाही, आणि श्रावण लागण्यापूर्वी दुकानदार तो काउंटरवरच मांडतो.

उधारीचा प्रश्न मात्र सगळ्या कायद्यांच्या पलीकडचा आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमाने पैजेचा करार निरर्थक ठरवला असल्यामुळे जुगारातले येणे कोर्टात वसूल करता येत नाही. आणि ज्या भागात कायद्याने भक्कम असलेली सोसायटीची थकबाकी वर्षानुवर्षे रेंगाळते, त्याच भागात कायद्याने शून्य असलेली ही बाकी दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत चुकती होते. जे देणे कोणीही मागू शकत नाही तेच अब्रूचे देणे समजावे, हा व्यवहार अर्थशास्त्रज्ञांनी सवडीने तपासून पाहण्यासारखा आहे.

राहता राहिला पंचनामा. त्यात रक्कम नोटांच्या दर्जानुसार लिहिली जाते, दुचाकींचे क्रमांक लिहिले जातात, आणि ज्या बावन्न पानांपायी हे सारे घडले त्यांची किंमत अनेकदा शून्य रुपये अशी नोंदली जाते. रोकड सापडूच नये म्हणून काही सावध मंडळी नोटांऐवजी चिंचोके मांडतात आणि हिशेब मागाहून वहीवर भागवतात. परंतु १८८७ च्या कायद्याने 'जुगाराची साधने' यांची व्याख्या करताना जुगाराचे माध्यम म्हणून वापरलेली कोणतीही वस्तू आणि जुगाराची नोंद ठेवणारा कोणताही कागद तीत घेतलेला असल्यामुळे, चिंचोकाही साधन ठरतो आणि वहीही साधन ठरते. फरक पडतो तो पंचांना, कारण नोटा मोजून चटकन सही ठोकता येते, आणि चिंचोके मात्र दहा-दहाच्या ढिगांनी मोजत बसावे लागतात, आणि दोन पंचांची बेरीज जुळली नाही की ते पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात.